हीथक्लिफ आपला कुठवर?

ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या दप्तरात सोळा-सतराव्या वर्षी अनेकदा एक कादंबरी येते : एमिली ब्राँटे यांची ‘वुदरिंग हाइट्स’. अभ्यासाला नेमलेले पुस्तक म्हणून मुले ती कुरकुरत वाचतात आणि मग एखाद्या संध्याकाळी विचारतात, “तुम्ही वाचली आहे का?” आमच्या पिढीतील पुष्कळांनी ती महाविद्यालयात असताना वाचली होती. वादळ, ओसाड माळ, खिडकीवर थापा मारणारे भूत आणि मरणानंतरही न सुटणारे प्रेम, एवढे त्यातले मनात राहिले होते. आमच्या आईवडिलांच्या पिढीला याच कथेचा पूर्वार्ध दिलीपकुमार आणि वहिदा रहमान यांच्या १९६६ च्या ‘दिल दिया दर्द लिया’ने सांगितला होता. ते वाचन खोटे नव्हते. विसाव्या वर्षी माणसाला त्या पुस्तकातून जे हवे असते ते त्याला मिळते.

आता चाळिशीकडे झुकताना, घराचे हप्ते फेडताना आणि मुलांचे अभ्यास घेताना हीच कादंबरी पुन्हा उघडली की तिचा तोल बदललेला जाणवतो. प्रेमाची पाने थोडी वाटू लागतात. दोन गोष्टी मोठ्या होत जातात : एक अक्षर आणि दुसरे घर. कोणाला वाचू द्यायचे आणि कोणाला दाराच्या आत घ्यायचे, यावर हे संपूर्ण पुस्तक उभे आहे. ते आंबेडकरी घरात वाचले जावे असे आम्हांस वाटते ते याच कारणाने. मात्र शेवटपर्यंत वाचले जावे, हा आमचा आग्रह आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावे लागेल. यॉर्कशरच्या माळावरील ‘वुदरिंग हाइट्स’ या घराचा मालक अर्नशॉ साठ मैल चालत लिव्हरपूलला जातो आणि परतताना रस्त्यावर सापडलेले एक काळेसावळे, उपाशी पोर घेऊन येतो. त्याची भाषा कोणाला कळत नाही. घरातल्या मुलांनी व्हायोलिन आणि चाबूक आणायला सांगितलेले असते. व्हायोलिन मोडून येते आणि चाबूक हरवतो. त्याबद्दलचा राग त्या पोरावर निघतो. कथा सांगणारी दाई नेली डीन सुरुवातीला त्याचा उल्लेख निर्जीव वस्तूसारखा करते. मराठीत ‘ते पोर’ म्हणण्यात माया असते. इंग्रजीतल्या त्या सर्वनामात ती नाही. पहिल्या रात्री मुले त्याला आपल्या बिछान्यातच काय, खोलीतही घेत नाहीत. मग नेली त्याला जिन्याच्या पायरीपाशी ठेवून देते. सकाळपर्यंत निघून गेलेले असेल तर बरे, अशा आशेने.

पायरी हा शब्द आपल्याकडे साधा नाही. ‘आपल्या पायरीने राहा’ हे वाक्य आमच्या आजोबांनी कितीदा ऐकले असेल याचा हिशेब नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधीही देवळाच्या आत नाही, पायरीपाशीच आहे. यॉर्कशरमधल्या त्या पायरीवर रात्र काढणाऱ्या पोराकडे आपला वाचक परक्या नजरेने पाहूच शकत नाही.

हीथक्लिफ कोणत्या वंशाचा, हे एमिली ब्राँटे यांनी सांगितलेले नाही. कथा घडते त्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापारातले ब्रिटनचे सर्वांत मोठे बंदर होते. शेजारच्या श्रीमंत घरातील लिंटन हे पोर पाहून ‘लास्कर’ असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश असेल, असा तर्क करतो. लास्कर म्हणजे कंपनीच्या जहाजांवर राबणारे आशियाई खलाशी. आपल्या ‘लष्कर’ शब्दाचाच हा भाऊबंद. नेली त्याची समजूत घालताना म्हणते की कोण जाणे, त्याचा बाप चीनचा बादशहा आणि आई भारतातली राणी असेल. तेव्हा हीथक्लिफ हिंदुस्थानी होता, असे सिद्ध करण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्याची गरजही नाही. गोरे कातडे आणि पिंगट केस आपल्यालाही असते तर, असे हे मूल एकदा बोलून दाखवते. तेवढे पुरेसे आहे. १९३९ च्या हॉलीवूडपटात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी ही भूमिका केली. २०११ साली अँड्रिया अर्नल्ड यांनी जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला हीथक्लिफ केले, तेव्हा पडद्याने पुस्तकाचे म्हणणे प्रथमच नीट ऐकले असे म्हणावे लागते.

म्हातारा अर्नशॉ मरतो आणि मुलगा हिंडली घराचा धनी होतो. सूड घेण्यासाठी त्याला तलवार लागत नाही. तो हीथक्लिफला नोकरांत ढकलतो, पाद्रीबाबांकडे चाललेली त्याची शिकवणी बंद करतो आणि त्याला शेतावर पाठवतो. कॅथरीन काही काळ आपण शिकलेले त्याला सांगते, पण दिवसभर राबून आलेल्या मुलाच्या डोक्यात अक्षर किती दिवस टिकणार? हळूहळू त्याची उत्सुकता विझते, पाठ वाकते, बोलणे तुसडे होते. हे नेली अगदी सहज सांगून जाते, अर्ध्या पानात. आमच्या मते कादंबरीतील सर्वांत क्रूर प्रसंग हाच आहे. तो समजावून सांगण्याची आपल्या वाचकांना गरज नाही. कादंबरी १८४७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. एमिली १८४८ च्या डिसेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी वारल्या. त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण अक्षर हिरावून घेणे म्हणजे नेमके काय करणे, हे दोन्हीकडे सारखेच ओळखले गेले होते.

यानंतर तो प्रसिद्ध प्रसंग येतो. श्रीमंत एडगर लिंटनला होकार देऊन आलेली कॅथरीन स्वयंपाकघरात नेलीला मन उघडे करून सांगते. आता हीथक्लिफशी लग्न करणे म्हणजे आपण खाली उतरणे, असे ती म्हणते. आडोशाला बसलेला हीथक्लिफ एवढे ऐकतो आणि उठून जातो. तो आणि आपण एकच आहोत, हे तिचे पुढचे बोलणे त्याच्या कानी पडतच नाही. तरुणपणी या योगायोगावर हळहळ वाटते. आज तिच्या पहिल्या वाक्यातील ‘आता’ या शब्दाशी आम्ही थांबतो. तिच्या भावानेच त्याला खाली आणलेले आहे. आधी माणसाला खाली ढकलायचे आणि मग तो खाली आहे म्हणून त्याच्याशी सोयरीक नाकारायची. हिंडली पहिले काम करतो, कॅथरीन दुसरे. तिचे प्रेम खरे आहे. त्याने काही फरक पडत नाही.

येथे आपल्या घरातली एक गोष्ट काढणे भाग आहे. परदेशी आलेल्या आपल्या कुटुंबांत मुलामुलींच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की स्थळ बौद्ध आहे, शिकलेले आहे, नोकरी उत्तम आहे, एवढ्यावर प्रश्न थांबत नाहीत. आवाज जरा खाली येतो आणि विचारले जाते, “मूळचे कोण?” १९५६ पूर्वी कोण होते, कोणत्या पोटजातीचे, कोणत्या जिल्ह्याचे. मुलाचे आईवडील मातंग किंवा चर्मकार समाजातून धम्मात आले असतील तर ज्या दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आहे त्याच दिवाणखान्यात गप्पांचा सूर बदलतो. कोणी ‘खाली उतरणे’ असे म्हणत नाही. ‘जुळणार नाही’, ‘चालीरीती वेगळ्या आहेत’, असे सभ्य शब्द वापरले जातात. कॅथरीन निदान स्वयंपाकघरात तरी स्पष्ट बोलली.

हीथक्लिफ तीन वर्षे नाहीसा होतो आणि परततो तेव्हा ओळखू येत नाही. ताठ चाल, चांगले कपडे, सुधारलेली भाषा, खिशात पैसा. तो सैन्यात होता की काय असे नेलीला वाटते. पैसा कुठून आला हे कादंबरी सांगत नाही. आमच्यासारख्यांना पुस्तकातला हा भाग सर्वांत जवळचा वाटावा यात नवल नाही. बाहेर जाऊन माणूस बनून परतणे, आणि ज्यांनी पायरीवर बसवले त्यांच्या दारात मोटारीतून उतरणे, हे चित्र मनात न बाळगलेला देशांतरित आंबेडकरी तरुण आम्ही तरी पाहिलेला नाही. हीथक्लिफ आपला वाटतो तो येथे.

आणि येथेच पुस्तक आपली परीक्षा पाहते. परतलेला हीथक्लिफ करतो काय? हिंडलीला जुगाराचा नाद लागलेला असतो. हीथक्लिफ त्याला पैसे पुरवतो, गहाणखत करून घेतो आणि अखेर ज्या घरात तो पायरीवर निजला होता त्याचा मालक होतो. इथवर टाळ्या वाजवाव्यात असेच वाटते. पण हिंडली मरतो तेव्हा मागे त्याचे पोर राहते, हेअर्टन. वाऱ्याने एक झाड वाकवले तसे दुसरेही वाकते का ते पाहू, अशा अर्थाचे काहीसे हीथक्लिफ त्या अनाथ मुलाला उचलून म्हणतो, आणि हिंडलीने त्याच्याशी जे केले तेच तो हेअर्टनशी करतो. त्याला अक्षर शिकू देत नाही. पुढे नेलीजवळ तो बढाईही मारतो की हिंडलीने मला जितके खाली नेले त्याहून खाली आणि त्याहून लवकर मी याला नेले आहे, कारण याला आपल्या अडाणीपणाचाच अभिमान वाटतो.

आणखी एके ठिकाणी तो कॅथरीनला सांगतो की जुलमी धनी गुलामांना भरडतो तेव्हा गुलाम धन्यावर उलटत नाहीत. ते आपल्याखालच्यांना चिरडतात. जातिव्यवस्थेला बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले आणि ती टिकते कशी याचे उत्तर दिले : प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असते, म्हणून कोणी सगळी उतरंड मोडायला उठत नाही. हीथक्लिफला हे तत्त्व उमगलेले आहे. त्याने ते नाकारले मात्र नाही, वापरले. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर त्याने ॲडमिन बदलला, सॉफ्टवेअर तेच ठेवले.

बाबासाहेबही परदेशातून परतले होते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते एका बागेत खिन्न मनाने बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सूड घेण्याचे कारण हवेच असेल तर याहून मोठे कोणते? त्यानंतर त्यांनी काय उभारले ते आपणांस पाठ आहे. १९२० साली ‘मूकनायक’, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय. कोणाचा वाडा गहाण घेतला नाही. अक्षर कुलपात होते, ते बाहेर काढले, आणि त्या महाविद्यालयाच्या दारात कोणाला जात विचारली नाही.

आमच्यातील काही तरुण मित्र यावर जो आक्षेप घेतात तो आम्ही हलका मानत नाही. ते विचारतात : सज्जनपणाची अपेक्षा नेहमी पीडितांकडूनच का? हिंडलीला, लिंटनला कोणी क्षमाशीलतेचे धडे देत नाही. हीथक्लिफने मात्र संत व्हावे. हा प्रश्न रास्त आहे. इंग्रज समीक्षकांनी हीथक्लिफला ‘राक्षस’ ठरवताना त्याला राक्षस करणाऱ्या घराकडे बऱ्याचदा डोळेझाक केली. पण आमचे म्हणणे क्षमेविषयी नाही. हीथक्लिफचा सूड कोणाच्या गळ्यात पडतो ते मोजून पाहा. हिंडली लवकर मरून सुटतो. भोगतात ते इतर. हेअर्टन, ज्याने त्याचे काही बिघडवले नव्हते. इझाबेला, एडगरची बहीण, जिच्याशी तो केवळ वैरापोटी लग्न करतो आणि जिचा छळ करतो. त्याचा स्वतःचा आजारी मुलगा. आणि कॅथरीनची मुलगी, जिला डांबून ठेवून त्या मुलाशी तिचे लग्न लावले जाते, म्हणजे तिच्या बापाचे घरही आपल्या हाती यावे. बायकोची मालमत्ता नवऱ्याची, हा त्या काळच्या इंग्लंडचा कायदा होता. तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदलला. हीथक्लिफ कायदा मोडत नाही, त्याच्या आधाराने स्त्रियांना लुबाडतो. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या नेत्याचे अनुयायी इझाबेलाच्या बाजूने उभे राहणार की तिच्या नवऱ्याच्या? वैराविषयी तथागतांनी काय सांगितले ते आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे, म्हणून ते येथे सांगत बसत नाही.

चित्रपटांनी मोठा घोटाळा केला तो या ठिकाणी. १९३९ च्या चित्रपटात दुसरी पिढीच नाही. कॅथरीन मरते, हीथक्लिफ झुरतो, पडदा पडतो. पुस्तकाचा निम्मा भाग गेला, आणि तो निम्मा भाग नेमका वाचायला शिकण्याचा आहे.

अर्नशॉ घराच्या दारावर दोन गोष्टी कोरलेल्या आहेत : १५०० हे साल आणि ‘हेअर्टन अर्नशॉ’ हे नाव. पूर्वजाचे आणि या मुलाचे नाव एकच. तो रोज त्या दाराखालून जातो आणि त्याला आपलेच नाव वाचता येत नाही. कॅथरीनची मुलगी (तिचेही नाव कॅथरीनच) त्याला हसते. मग तो गुपचूप तिची पुस्तके गोळा करतो आणि एकटाच धडपडत अक्षरे लावू लागतो. तिला हे कळते तेव्हा ती एका परक्या पाहुण्यासमोर त्याच्या चुकीच्या उच्चारांची नक्कल करते. तो सगळी पुस्तके आगीत फेकून देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून अभियांत्रिकीच्या वर्गात आलेल्या आणि पहिल्याच इंग्रजी वाक्यावर हशा ऐकलेल्या कोणालाही ही आग आतून माहीत असते. हेअर्टनला ज्ञानाचा तिटकारा नव्हता. ज्याच्यावर हसले गेले तेच त्याने जाळले.

पुढे काय घडते ते आम्ही मुलांबरोबर मोठ्याने वाचले. कॅथरीनला आपली चूक उमगते. ती एक देखणे पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळते, फितीने बांधते, त्यावर त्याचे नाव घालते आणि नेलीच्या हाती पाठवते. निरोप असा : घेतलेस तर मी येऊन नीट वाचायला शिकवीन, नाही घेतलेस तर वर निघून जाईन आणि पुन्हा कधी चिडवणार नाही. तो मूठ उघडत नाही. नेली पुस्तक त्याच्या गुडघ्यावर ठेवते. तो ते झटकूनही टाकत नाही. थोड्या वेळाने कागदाची सळसळ ऐकू येते. दिलेला शब्द, नाही म्हणण्याची मोकळीक आणि उपकाराचा लवलेश नाही. शिक्षण कसे द्यावे याचे एवढे नेटके वर्णन आम्ही फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. गावच्या शाळेला संगणक आणि शिष्यवृत्त्या पाठवणाऱ्या आपल्या मंडळांनी, फलकावरील देणगीदारांची नावे रंगवण्याआधी, हे पान एकदा पाहावे.

ती दोघे एका पुस्तकावर डोके टेकून बसलेली हीथक्लिफ पाहतो आणि त्याचा हात थांबतो. दोन्ही घरे उद्ध्वस्त करण्याची साधने हाती आहेत, पण इच्छाच उरलेली नाही, असे तो नेलीला सांगतो. हेअर्टनमध्ये त्याला स्वतःचे तारुण्य दिसू लागलेले असते. लवकरच तो मरतो.

शेवट मात्र आम्हांस पूर्ण मान्य नाही. हेअर्टन आणि कॅथरीन यांचे लग्न ठरते, जमीनजुमला मूळ घराण्यांकडे परत जातो, माळावर शांतता होते. ती दोघे दुसऱ्या घरी राहायला जाणार असतात आणि ‘वुदरिंग हाइट्स’ची राखण जोसेफकडे राहते, जो आयुष्यभर धर्मग्रंथ हातात घेऊन इतरांना नरकाची भीती घालत आला त्याच जोसेफकडे. बाहेरून आलेला माणूस आणि त्याचा वंश पुसला गेला की व्यवस्था पूर्ववत सुरळीत होते, असा याचा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येणार नाही. एमिलींचे वडील पॅट्रिक आयर्लंडमधील गरीब शेतकरी कुटुंबातून शिकायला केंब्रिजला आले आणि त्यांनी आपल्या आडनावाचे रूप बदलून ते ब्राँटे असे केले. आडनाव बदलून परक्या देशात उभे राहणे म्हणजे काय, हे त्या घराला अनोळखी नव्हते. तरीही त्या घरातील मुलीने हीथक्लिफला आडनाव दिले नाही. अर्नशॉंच्या लहानपणी वारलेल्या एका मुलाचे नाव त्याला दिले गेले होते, आणि तेच त्याचे नाव, तेच आडनाव.

थडग्यावर काय कोरायचे हा प्रश्न पडतो तेव्हा नेलीची पंचाईत होते. आडनाव नाही, वयही कोणाला ठाऊक नाही. शेवटी दगडावर ‘हीथक्लिफ’ हा एक शब्द आणि मृत्यूची तारीख, एवढेच कोरले जाते. घराच्या दारावर १५०० आणि अर्नशॉंचे नाव जसेच्या तसे राहते. हेअर्टनला ते आता वाचता येते.